मिरचीचे हात

"बघा हे हात," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या आईचं मनगट दोन बोटांत धरून वर उचललं. "दिवसभर मिरची खुडायची आणि त्याच हातांनी पोराचे डोळे पुसायचे. तुम्ही लोक हात कधी धुणार?"

भोवती दहा-बारा शिकाऊ डॉक्टर. काही हसले.

"धुतले होते जी साहेब," आई म्हणाली.

खाटेवर माझा तीन वर्षांचा भाऊ. डावा डोळा सुजून खोबणीबाहेर आलेला. साहेबांनी बॅटरी मारून आईचाही डोळा पाहिला. तिचा एक डोळा लहानपणापासून गेलेला. घरात आणखी कुणाचा, असं विचारलं. आईचा भाऊ असाच डोळा फुगून लहानपणी मेला होता. साहेब इंग्रजीत काही बोलले. पोरांनी वह्यांत उतरवून घेतलं.

मी कोपऱ्यात उभा. त्याच मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई, मॅट्रिक पास. पुढे झालो नाही. नोकरी नवी होती. आणि खरं सांगतो, त्या वेळी मलाही आईच्या हातांची लाज वाटली.

महिन्यात भाऊ गेला.

भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, आईसोबत शंभर बाया देठं खुडायच्या. त्यांच्या पोरांचे डोळे शाबूत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. साहेब बोलले म्हणजे खरं. आई राखेनं हात घासायची, कातडं सोलून निघेपर्यंत. त्याच साली बहीण झाली. आईनं तिच्या तोंडाला कधी उघडा हात लावला नाही. पदरात हात गुंडाळून पोरीला पाजायची. "माह्या हातानं मेलं गा पोरगं," एवढंच म्हणायची.

मग एक दिवस साहेबांची जीप आमच्या वस्तीत आली. आता बोलणं गोड. आईचं रक्त काढलं, माझं काढलं, तान्ह्या बहिणीचंही काढलं.

"कशाले पायजे जी रक्त?" आईनं विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी."

आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेब स्वतःच्या थर्मासातलं पाणी प्यायले.

वर्ष गेलं. लायब्ररीत परदेशी मासिकं यायची. वेष्टन फाडायचं, शिक्का मारायचा, रॅकवर लावायचं, हे माझं काम. त्यातल्या एका मासिकात सगळ्या शास्त्रांचं असायचं. तारे, बेडूक, माती, काहीही. त्याच्या एका अंकात साहेबांचं नाव छापून आलं. ग्रंथपालांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन बसलो. कॅन्सर आईबापाकडून पोरांत कसा उतरतो, यावर लेख होता. मध्ये चौकोन आणि गोल, रेघांनी जोडलेले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. काळा म्हणजे आजारी, तिरकी रेघ म्हणजे मेलेला. एक काळा चौकोन, रेघ मारलेला. त्याच्या शेजारी काळा गोल. त्या गोलाखाली तिघं: पांढरा चौकोन, रेघ मारलेला काळा चौकोन, आणि शेवटी एक गोल, त्यात प्रश्नचिन्ह.

मामा. आई. मी. भाऊ. आणि ते प्रश्नचिन्ह म्हणजे माझी बहीण.

खाली लिहिलं होतं, अशा घरातल्या प्रत्येक मुलाचे डोळे जन्मापासून तपासत राहावेत. लेखभर मिरचीचं नाव नव्हतं.

अंक घेऊन तसाच साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. "हे आमचं घर आहे साहेब."

"तुला शिक्के मारायला ठेवलंय. वाचायला नाही."

"माझ्या आईला का नाही सांगितलं?"

"सांगून तिला काय कळणार होतं?" मग थंडपणे, "बरं झालं आलास. पुढच्या लेखासाठी रक्त लागेल. बहिणीला घेऊन ये."

छप्पन साली बापानं नागपुरात धम्म घेतला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो. आता कुणापुढं वाकायचं नाही, असं तो सांगायचा. मी मात्र रोज वाकत होतो.

"नाही आणणार," मी म्हणालो. "एक थेंब नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

बहिणीला सदर भागातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजव्या डोळ्यात गाठ निघाली. डोळा काढावा लागला, पोर वाचली. बाई म्हणाल्या, वर्षभर आधी आणलं असतं तर कदाचित डोळाही वाचवता आला असता. वर्षभर आधी साहेब आमच्याच दारात रक्त काढत होते.

आईपुढं अंक उघडून बसलो. तिचा गोल दाखवला. "तुह्या हातानं नाही मेला वं तो, माय. हे रक्तातलं हाय. त्या साहेबाले ठाऊक होतं."

ती आपल्या सोललेल्या हातांकडे पाहत राहिली. तिला रडू आलं नाही. मला आलं.

"मंग त्यानं काहून तसं म्हणलं?" तिनं विचारलं.

याचं उत्तर साहेबांकडे आहे. सोमवारी त्यांचा वॉर्डाचा फेरा असतो, शिकाऊ पोरं भोवती असतात. मी आईला घेऊन जाणार आहे. अंक माझ्या काखेत असेल. ज्या पोरांसमोर त्यांनी तिचा हात वर धरला, त्यांच्यासमोरच ती विचारील. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही वॉर्डातून हलणार नाही.