फाटकाचं कुलूप

सीमेवरच्या फाटकासमोर आम्ही चार दिवस बसून होतो. पलीकडे युद्धात होरपळणाऱ्यांच्या सोबतीला पायी जायचं, म्हणून सरकारने फाटक उघडावं, एवढीच मागणी. ओरडून घसे बसले होते.

आज दुपारी एक जवान आला आणि त्याने कुलपाला हात घातला. आमच्या घोषणा आपोआप थांबल्या. पलीकडे लांबवर काहीतरी धडाडलं. शेजारच्या सुमनताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"खरंच उघडतोय की काय हो?"

माझ्या मनात आलं, या कुलपाच्याच जिवावर आपण इतके दिवस धीट होतो की काय?

जवानाने कुलूप ओढून पाहिलं, पक्कं आहे अशी खात्री केली आणि तो परत गेला.

'फाटक उघडा' पुन्हा सुरू झालं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.