मामांच्या खिशातली ट्यूब

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात माणसं तोंडावरून ओळखली नाहीत. त्यांनी ती कातडीवरून ओळखली. देवळाली प्रवरेच्या बाजारात कुणी रामराम घातला, की मामा आधी त्याचा हात उलटा करून बघायचे, कोपर चाचपायचे आणि मग ओळख पटायची, "हां, तुमी ते खरजेवाले." लग्न ठरताना माझ्या नोकरीची, घराण्याची चौकशी इतर मंडळींनी केली. मामांनी फक्त माझी कॉलर मागं ओढून मानेवर घामोळं आहे का ते पाहिलं आणि पसंती कळवून टाकली.

मामा काही डॉक्टर नव्हते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर आयुष्य काढून निवृत्त झालेले. पण बंडीच्या खिशात मलमाच्या ट्यूबा कायम. पाचटानं अंग खाजवत बसलेल्या ऊसतोडीच्या एका टोळीवर त्यांनी एकदा कॅलामाइनचा असा हात फिरवला, की मुकादमापासून सगळे कारखान्याच्या गेटवर गुलाबी होऊन उभे. ट्यूब संपली हे तर त्यांना मान्यच नसे. शेपटाकडून गुंडाळत आणायची, तेवढ्यानं भागलं नाही तर मामींच्या लाटण्यानं पोळपाटावर लाटायची. मी जेवायला गेलो असताना पोळीला मलमाचा वास आला, तेव्हा मामींनी फक्त तुपाची वाटी माझ्याकडं सरकवली. त्यांनी हे कधीच पोटात घातलं होतं.

त्यांची खरी कीर्ती मात्र नायट्यावर उभी होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब होती. ती लावली की दोन दिवसांत खाज गायब. महिन्याभरानं नायटा दुप्पट होऊन परत यायचा, पण मामा डगमगायचे नाहीत. "ह्यो तो न्हाई. ह्यो नवा हाय," म्हणायचे आणि पुन्हा तीच ट्यूब काढायचे. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांची एकेक ट्यूब पोचली होती.

नातीचा साखरपुडा ठरला आणि तिच्या गालांवर पुटकुळ्या आल्या. मामांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी तीच ट्यूब तिला दिली. सुरुवातीला चेहरा असा उजळला, की मामा येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे गाल दाखवायचे. पुढं गाल लाल झाले, उन्हात गेलं की आग आग होऊ लागली. श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. आत कडक स्टिरॉइड होतं. ते चेहऱ्यावर चोळायचं औषध नव्हे, आणि नायट्यावरही नव्हे. त्यानं खाज दबते आणि नायटा आतून पसरत जातो. चेहरा बरा होईल, पण काही महिने जातील, असं त्यांनी सांगितलं. साखरपुडा पुढं ढकलला आणि नातीनं आजोबांशी बोलणं बंद केलं.

मामा दुसऱ्या दिवशी गल्लीत घरोघर फिरून दिलेल्या ट्यूबा परत मागू लागले. कुणी द्यायला तयार नाही. एका म्हातारीनं तर ट्यूब पदराखाली धरली आणि एवढी राहू द्या, लई गुण हाय हिला, म्हणून गयावया केली. मामांनी ती हात जोडून काढून घेतली. सगळ्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि घरी येऊन रिकाम्या खिशानं ओट्यावर बसले. मला त्यांच्याकडं बघवेना.

चेहरा हळूहळू निवळला, साखरपुडाही झाला. त्या दिवशी नात आजोबांच्या पाया पडली आणि त्यांच्या खिशात साध्या पेट्रोलियम जेलीची डबी टाकत म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांना विचारलंय. ही मात्र कुनालाबी लावा."

गेल्या थंडीत मी गेलो, तेव्हा माझी कोपरं उलली होती. मामांनी सवयीनं माझा हात उलटा केला. डबी काढली, चष्मा लावून तिच्या पाठीवरचं बारीक अक्षर पुन्हा एकदा वाचलं. मग बोटावर जेली घेऊन तसेच थांबले.

"जावईबापू, लावू का?"

इतक्या वर्षांत मामांनी मला कधी काही विचारून लावलं नव्हतं. मी नुसताच हात पुढं केला.