तळीला हात लावणारी पाचवी बाई

हे लिहावं की नाही, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. मी देवळात जाणारी मुलगी नाही. पालम तालुक्यातल्या गावांमध्ये आम्ही काही जण गुटखा, तंबाखू आणि सुपारीच्या विरोधात पत्रकं वाटतो. त्यातली निम्मी मी लिहिलेली असतात, आणि पत्रकाला शंका चालत नाही. वाक्य ठोकून लिहायचं, दोषी कोण ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. ज्या गोष्टीचा अर्थ मलाच धड लागला नाही, ती कशी सांगायची हे मला येत नाही. तरी सांगते. गप्प राहिले तर ते उपकार विसरल्यासारखं होईल.

माझी माय जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजली, इतकी की अंगठी साबण लावूनही निघेना. मग सूज उतरली आणि कातडी हाडाला चिकटल्यासारखी घट्ट झाली, चकाकायला लागली. गालावरच्या सुरकुत्या गेल्या. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लय तरणी दिसायलीस, तोंडाला काय लावायलीस? काकूनं तर जाहीरच करून टाकलं की देवाचं तेज चढलंय. तेज म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढं मानेवरचा, छातीवरचा रंग जाऊन तिथं तिळाएवढे काळे ठिपके तेवढे राहिले, तेव्हा त्याच बाया कोड म्हणून कुजबुजल्या. ओठ पातळ झाले. बटव्याची दोरी ओढल्यावर पडतात तशा चुण्या तोंडाभोवती पडल्या. तोंड सदा कोरडं, घासाघासाला पाणी. आणि मग तोंड उघडेनासं झालं. भाकरी कुस्करून, दुधात भिजवून ती चिमटीनं तोंडात सारायची.

बाकीच्यांना कळत नव्हतं. मला मात्र कळलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. सुपारी खाणाऱ्याचं तोंड आतून आवळत जातं, तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर सावध व्हा, हे वाक्य मीच पत्रकात घातलेलं. मायच्या तोंडात दोन बोटं कशीबशी जात होती. मी तिचं गाठोडं तपासलं, धान्याच्या कणगीमागं पाहिलं, उशी उसवली. काही सापडलं नाही, त्यानं तर माझी खात्रीच पटली की बाई लपवण्यात तयार आहे.

"माय, खरं सांग. कधीपासून खायलीस?"

"खंडोबाची आण, म्या सुपारी तोंडाला लावली न्हाई."

आण घेतेस म्हणजे खोटंच बोलतेस, असं मी तिला म्हणाले. वर हेही म्हणाले की देवाला मध्ये आणू नको. पुढचंही टाळता येत नाही. बचत गटाची बैठक होती. सुधारणा घरापासून, असं भाषणात म्हणून मी मायला सगळ्या बायांसमोर उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि माझी बोटं लावून दाखवलं की बघा, सुपारी काय करते. मायनं तोंड मिटलं, पदर सारखा केला. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. मला वाटलं, लाज सोडली हिनं. त्या आजारानं तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवसापासून बाया तिला सुपारीबाई म्हणायला लागल्या. माय गटाला जायची थांबली. चारचौघांत खायची, चहा प्यायचीही थांबली. ती वाळत चालली होती आणि मी व्यसनमुक्तीच्या गोळ्या शोधत होते.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आम्ही सगळे सोनपेठकडं गोदावरीकाठच्या आमच्या खंडोबाला गेलो. मी भक्तीनं गेले नव्हते. आमच्या भावकीत तळी गडीच उचलतात: ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवायची, पाच जणांनी खालून हात लावून देवाच्या नावानं तीनदा वर उचलायची. बायांनी का नाही, यावर मी वर्षभर भांडत होते. त्या दिवशी पुजारी कंटाळून म्हणाले, उचला, पण हात पाच जणींचे पाहिजेत. मी, माय, काकू आणि वहिनी मिळून आम्ही चौघीच. काका हसले, "आधी पाच तर जमवा, मग राज्य करा." मी तेवढ्यातही ताम्हणातली सुपारी काढा म्हणून हटून बसले. काकू म्हणाली, "ती देवाची हाय. त्याला बी एक पत्रक दे."

तळीआधी नदीवर हातपाय धुवायचे असतात. सकाळची थंडी, पाणी बर्फागत. मायनं हात बुडवले आणि तिची बोटं चुन्यासारखी पांढरी झाली, मग निळी. ती पदरात हात दाबून कळ सोसत उभी राहिली. मी म्हणाले, चल लवकर. पाचवी बाई मिळेपर्यंत काकांचं तोंड बंद होणार नव्हतं, माझा सगळा जीव त्यात होता. देवळात परतल्यावर दर्शनाच्या रांगेकडं तोंड करून मी मोठ्यानं विचारलं, कुणी येतंय का तळीला? एक बाई एकटीच उभी होती. पाथरीकडची. तिच्या माणसांची जीप तिला चुकली होती म्हणून ती मागं राहिली होती. "म्या लावते हात," म्हणाली आणि मायच्या समोर येऊन बसली.

ताम्हणाखाली दहा हात आले. त्यात चार हात एकसारखे होते. तशीच चकाकणारी कातडी, तशीच आकडा झालेली बोटं, टोकांवर तसेच बारके खड्डे. येळकोटाचा गजर झाला, तळी तीनदा वर गेली. मी देवाकडं पाहत नव्हते. त्या दोघीही पाहत नव्हत्या. त्या एकमेकींचे हात पाहत होत्या.

मग खोबरं वाटलं. मायनं आपला तुकडा गुपचूप पदराला बांधला. त्या बाईनं ते पाहिलं आणि हळूच विचारलं, चावत नाही ना? घास छातीत अडकतो? थंड पाण्यात बोटं आधी पांढरी, मग निळी होतात? मायची मान हलत राहिली. जीभ टाळूला लावून बघ म्हणाली. माय धडपडली, जीभ वर जाईना. मी तिची लेक, तिच्या तोंडात बोटं घालून पाहिलेली, पण जिभेखाली कधी पाहिलं नव्हतं. "माझी बी लागत न्हाई," ती बाई म्हणाली आणि आपल्या ओठांवरचे, तळव्यांवरचे कुंकवाच्या टिंबांसारखे लाल ठिपके दाखवले. तसेच मायच्या ओठांवर होते, मी त्यांना सुपारीचा रंग समजत होते.

माय एवढंच म्हणाली, "म्या सुपारी खात न्हाई, बाई."

"मला तर मालकानं मिसरी सोडायला लावली," ती म्हणाली, "जी म्या कधी लावलीच नव्हती." आणि दोघी हसल्या. त्या तोंडांनी जेवढं हसता येतं तेवढं.

तिनं संधिवाताच्या डॉक्टरांचं गाव आणि वार सांगितला. आठवड्याभरात आम्ही तिथं होतो. डॉक्टरांनी मायच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून भिंगातून पाहिलं, हाताची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला, ती धरता येईना. जिभेखालची आखडलेली दोरी पाहिली. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, असं नाव सांगितलं. शरीर स्वतःशीच भांडायला उठतं, म्हणाले. कातडी घट्ट होते ते वरून दिसतं, पण तसंच आत अन्ननलिकेत, फुप्फुसात होऊ शकतं. मी विचारलं, सुपारीनं? ते म्हणाले, नाही, यात यांची काहीच चूक नाही. तपासण्यांत फुप्फुसात सुरुवात दिसली. वेळेवर आलात, म्हणाले. मुळातून बरं होईल असं सांगितलं नाही, आवरता येईल असं सांगितलं. आता औषधं सुरू आहेत, रक्तदाब मोजायचा असतो, रोज आरशासमोर तोंड उघडायचा व्यायाम असतो. बापानं मेंढरांच्या लोकरीचे हातमोजे विणून दिलेत.

माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. मी तळीसाठी भांडले नसते तर पाचवी लागली नसती. तिची जीप चुकली नसती तर ती भेटली नसती. योगायोग, असं लिहून टाकावं म्हणते आणि लिहवत नाही. देवानं केलं म्हणावं, तर मग मायला बैठकीत उभं करत होते तेव्हा माझा हात त्यानं का धरला नाही? मी जिंकायला गेले होते, आणि माझ्या त्या हट्टातूनच मी न मागितलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं गेलं. हे मायला विचारलं. ती म्हणाली, "सगळं तुलाच कळाय पाहिजे का?"

नाही कळत. पहिल्यांदा असं म्हणताना मला हलकं वाटलं. त्या पाचव्या बाईचे आणि तिला तिथं थांबवणारा जो कुणी असेल त्याचे उपकार मी मानते. खरं तर माझ्या हाती तेवढंच आहे.

पुढच्या बैठकीला मी मायला घेऊन गेले. या वेळी उभी मी राहिले. हातात कागद नव्हता. माय खरं बोलत होती, मी चुकले, तिचा आजार वेगळा आहे, एवढंच सांगितलं. जिनं सुपारीबाई हे नाव पाडलं होतं, ती सतरंजीवर थोडी सरकली. "ये, हिकडं बस," मायला म्हणाली. माय बसली. चहा आला. तिनं तो बशीत ओतला आणि सगळ्यांसमोर घोट घोट, सावकाश प्यायला. तो संपेपर्यंत कुणी उठलं नाही.