दादाचा नंबर

आमच्या दीप्तीवहिनीचं तोंड बंद झालेलं मी उभ्या जन्मात एकदाच पाहिलं. भर दुपारी, परीक्षा केंद्राच्या फाटकात.

वहिनी म्हणजे माझ्या राजेंद्रदादाची बायको. दादा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मिरजोळ्याचं घर, आमच्या आईचं आजारपण, सगळं हिनेच ओढलं. पण गॅस असो, बँक असो, लेकीच्या परीक्षेचा फॉर्म असो, मोबाईल नंबर मात्र दादाचा. कर्ता पुरुष तो, असं तिचं म्हणणं. बोटीवर जाताना दादा त्या नंबरचा फोन घरीच ठेवायचा. वहिनी तो बंद करून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवी, कारण कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून लोक सारखे फोन करतात.

त्यांची सानिका एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी दोन गुणांनी हुकली. गेल्या वर्षी शेवटची संधी, नाहीतर नोकरी धरायची, असं दादाने बजावलेलं. मग काय, वहिनीने कंबर कसली. पाचला उठवायची, टीव्हीची वायर काढून ठेवलेली. मी गप्पा मारायला गेले तर मला दारातूनच परत पाठवलं, सख्ख्या नणंदेला! शेवटचे पंधरा दिवस सानिकाचा मोबाईलही कपाटात गेला. मी म्हटलं, अगो, पोरीला श्वास तरी घेऊ दे. पण हिच्यापुढे कोण बोलणार?

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघी रिक्षाने निघालो. प्रवेशपत्रावर वेळ दुपारी दोनची. आम्ही एक वाजताच हजर. फाटकावरच्या माणसाने यादी दोनदा पाहिली आणि म्हणाला, "ताई, तुमचा पेपर सकाळी नऊला होता. आठ दिवसांपूर्वीच वेळ बदलली. मेसेज पाठवलाय सगळ्यांना."

वहिनी भांडेल असं वाटलं. तिने नुसता त्या माणसाचा हात धरला आणि सोडला. सानिका रडलीसुद्धा नाही.

घरी येऊन वहिनीने रुमाल सोडला, फोन चालू केला. मेसेज होता. कर्जवाल्यांच्या बावीस मेसेजांखाली मुकाट पडलेला. ईमेलवरही आला असणार, पण तो ईमेल सायबरवाल्याने काढून दिलेला, कुणी कधी उघडलाच नव्हता.

संध्याकाळी बोटीवरून दादाचा फोन आला. पेपर कसा गेला विचारलं. सानिका आईकडे बघून म्हणाली, "बरा गेला, बाबा."

मी थक्क झाले. कधी खोटं न बोलणारी पोर ती. वहिनीने तिच्या हातून फोन काढून घेतला. "खोटं बोलतेय ती. पेपर झालाच नाही. माझ्यामुळे गेला." लग्नाला चोवीस वर्षं झाली, स्वतःची चूक कबूल करताना मी तिला तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पलीकडून दादा म्हणाला, पुढच्या वर्षी बसू दे.

यंदा फॉर्म भरायला मीही गेले होते. सायबरवाल्याने मोबाईल नंबर विचारला. सानिका बोलूनचालून त्याच घरातली, सवयीने दादाचा नंबर सांगायला लागली. चार आकडे सांगूनही झाले.

वहिनीने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि सानिकाचा नंबर दहाही आकड्यांनिशी तोंडपाठ म्हणून दाखवला.