पांढरे पाव्हणे

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, सरळ रेघेचं भारी वेड. दोरीवर वाळत घातलेल्या धोतराची कड वाकडी दिसली तरी उठून सारखी करून यायचे, मगच भाकरीला हात लावायचे. असा माणूस कंपनीच्या कंपौंडात राहायला गेला म्हणजे त्याची चंगळच की!

कंपनी मुंबईची, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची. कारखाना होता हुमनाबादच्या अलीकडे, निर्ण्याच्या वाटेला. दादा तिथं इंजिनावर मिस्त्री. कारखान्याला लागून आमची घरं, आणि सगळ्याला मिळून एक उंच भिंत, भिंतीवर काचा, आणि ये-जा करायला एकच गेट. आत रस्त्याच्या दोन्ही कडांना दगड लावलेले, सगळे चुन्यानं पांढरे केलेले. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा कमरेएवढा चुना. साहेब रविवारी सकाळी फिरायला निघायचा आणि ज्याच्या बागेची कड नीट असेल त्याच्यापुढं थांबून मान डोलवायचा. त्या एका डोलवलेल्या मानेवर आमचे दादा पुढचा रविवार येईपर्यंत तरंगत असायचे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, इंग्रजी मुलखातले. हा मुलूख निजामाचा. आमच्याकडं ह्याला सरसकट मोगलाई म्हणायचे, आणि तिथं निघालो म्हटल्यावर आजीनं विलायतेला चालल्यासारखा निरोप दिला होता. विलायतच होती म्हणा! नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं आमच्या ट्रंका उघडल्या, आईच्या लोणच्याच्या बरणीत नाक घातलं आणि अशी शिंक दिली की मागची रांग हसायला लागली. इथलं नाणं वेगळं, पाट्या उर्दूत, आणि माणसं एकाच वाक्यात तीन भाषा बोलायची. कंपौंडात एका अंगाला पारशी इंजिनिअरचं घर, दुसऱ्या अंगाला मद्रासकडचा कारकून. बायका कुंपणावरून एकमेकींकडं बघून गोड हसायच्या आणि गप्प बसायच्या, कारण पुढं बोलणार कुठल्या भाषेत? वाट्या तेवढ्या इकडून तिकडं जायच्या.

आईला तिथं काही कमी नव्हतं. दारात नळ होता, आणि त्या नळाचं कौतुक तिला शेवटपर्यंत पुरलं. इंजिनावरचा विजेचा दिवा होता. दादा सुखात, मी सुखात. पण दोन वर्षं झाली तरी ती म्हणायची, "सगळं आहे गं, पण जिला 'ये बस' म्हणावं अशी एक बाई नाही." आणि हे ती रडत नाही, तर मिरच्या निवडत म्हणायची, म्हणून आम्हाला तिचं जास्त वाईट वाटायचं.

मग अक्का आली. भिंतीला लागून जे शेत होतं, त्या घरची सून. कंपौंडात जनावर पाळायला बंदी, म्हणून दूध बाहेरून यायचं. अक्काला गेटावर आत यायचा पितळी बिल्ला मिळाला होता, तो ती मंगळसूत्राशेजारी अडकवायची. पहिल्या दिवशी दूध मापून झाल्यावर ती स्वैपाकघराच्या उंबऱ्यापाशी टेकली आणि म्हणाली, "कामून ओ बाई, एवढ्या वाळलाव? जेवायलाव का न्हाई?" आईला एवढं हसू आलं! दोन वर्षांत तिच्या जेवणाची चौकशी कुणी केली नव्हती. त्या दिवसापासून दूध हे निमित्त. अक्काची भाषा आधी आईला गंमत वाटायची. पुढं आईच मला "काय करायलीस गं तिथं?" असं ओरडायला लागली, आणि दादांनी कपाळाला हात लावला.

मार्गशीर्ष संपत आला तशी अक्का म्हणाली, "बाई, येळवशीला आमच्या शेतात यायचं बगा. न्हाई म्हनायचं न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या साताऱ्याकडं हिचं नावही कुणाला ठाऊक नाही. इकडं मात्र त्या दिवशी गावात माणूस म्हणून राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याची खोप करतात, खोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडतात, त्यांची पूजा करतात, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर, जो येईल त्याला पोटभर. परक्या मुलखात आलेलं हे आईचं पहिलं आमंत्रण. तिनं त्याच दुपारी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. चार दिवस ती इतकी खुशीत होती की भाजीत मीठ दोनदा पडलं आणि दादांनी ते मुकाट खाल्लं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी अक्का आली ती टेकलीच नाही. दूध ओतलं आणि उभ्या उभ्या डोळ्यांना पदर लावला.

"आमचे पांडव गेले की ओ बाई."

"गेले म्हणजे?"

"बांधावर लिंबाच्या बुडाला असत्यात. मामांच्या बापापासनंचे. दर साली त्येंनाच चुना लावून खोपीत मांडायचं. आज चुना घिऊन गेलाव तर जागा मोकळी!" तिचे मामा म्हणजे तिचे सासरे. "मामा म्हनायलेत, तू घरचं दूध त्या भितीच्या आत घालायलीस, म्हनून पांडव रुसून गेले. ह्या साली येळवस न्हाई, आन् उद्यापासनं दूध बी बंद. आता माजं येनं काय हुईना, बाई."

बिल्ला काढून तिनं उंबऱ्यावर ठेवला. गेली.

आई कितीतरी वेळ त्या बिल्ल्याकडं बघत बसली. मग तिची नजर हळूच खिडकीतून बाहेर, मोगऱ्याच्या आळ्याकडं गेली. आणि अगं बाई! माझीही गेली.

गणपतीच्या सुमाराला दादा संध्याकाळी फिरून आले होते ते पंच्यात काहीतरी जड घेऊन. परत गेले, परत आले. पाच दगड. गोल, गुळगुळीत, चुना निम्मा उडालेला. "कंपनीचा माल बघ कसा बांधावर पडलाय," दादा म्हणाले होते, "गाडीतून सांडला असणार." त्यांच्या डोक्यात हिशोब सरळ होता. पांढरा दगड म्हणजे कंपनीचा, आणि कंपनीचा दगड म्हणजे रस्त्याच्या कडेचा. त्यांनी ते मोगऱ्याभोवती ओळीनं लावले, चुना चढवला, आणि पुढच्या रविवारी साहेबाची मान दोनदा डोलली.

दादा कामावरून आले तेव्हा आईनं त्यांना पायही धुऊ दिले नाहीत. "अहो, तुम्ही देव उचलून आणलेत!"

दादांना समजायला जरा वेळ लागला. "गुपचूप नेऊन ठेवू," ते म्हणाले. "पहाटे बांधावर ठेवून येतो. कुणाला कळायचं नाही."

"आणि अक्काचा सासरा काय म्हणेल? रुसलेले देव आपले आपण आले, दूध बंद केलं म्हणून आले! मग माझी अक्का मला कायमची बंद."

"आणि खरं सांगितलं तर? देव चोरले म्हणून दारात उभं करणार नाहीत."

"नाही केलं तर नाही. पण अक्कावरचा बोल तरी जाईल." हे म्हणता म्हणता तिनं उंबऱ्यावरचा बिल्ला उचलून कनवटीला लावला. खरं सांगायचं तर त्या घरात अक्का मलाही हवी होती.

सकाळी आईनं पाची दगड धुतले, घमेल्यात ठेवले, वर हिरव्या लुगड्याच्या जोडीचा खण टाकला. दादांनी घमेलं डोक्यावर घेतलं. गेटावर पठाण होता, सहा फुटी, दाढीला मेंदी लावलेला. कापूस चोरीला जातो म्हणून चिठ्ठीशिवाय काडीही बाहेर जायची नाही, असा नियम. आणि चिठ्ठी देणारा साहेब आदल्या दिवशीच हैदराबादला गेलेला.

"क्या ले जारे मिस्त्री?"

"पत्थर," दादा म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पठाणानं खण वर केला. "सफेद पत्थर कंपनी का रैता. चिठ्ठी होना."

दादा लगेच मागं वळले. नियम म्हणजे नियम! पण आई पुढं झाली. तोवर तिनं त्या पठाणाशी एक अक्षरही बोललेलं नव्हतं, गेटातून जातानाही पदर पुढं ओढून जायची. तिनं पदर ओढला खरा, पण तोंड उघडलं.

"ये पत्थर नै. ये पाव्हणे हैं. हमारे घर में रैले, अब अपने घर कू जारे."

पाहुण्यांना चिठ्ठी लागत नसे, नाव सांगितलं की पुरे. पठाण दाढीत हसला. "नाम बोलो."

"धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव."

"पाचों भाई?"

"हौ. पाचों भाई."

"बडा कौन सा?"

आईनं बोटानं दाखवला. पठाणानं त्या दगडाला रीतसर सलाम केला आणि गेटातली वाकून जायची छोटी खिडकी उघडायची सोडून गेटाचं मोठं दार ढकललं. "मेहमान कू खिडकी से कैसा भेजना?" म्हणाला.

शेतात खोप नव्हती. अक्काचा म्हातारा सासरा बांधावर पाठमोरा बसलेला, अक्का भांडी तशीच झाकून उभी. दादांनी घमेलं उतरवलं. आईनं खण काढला आणि एका दमात सांगून टाकलं. "हे आमच्या घरी होते. आम्हाला माहीत नव्हतं हो, कडेला लावायचे दगड वाटले. चूक आमची आहे. अक्काची नाही."

म्हाताऱ्यानं एकेक दगड हातात घेऊन फिरवला. भीमाच्या पाठीवर नांगराच्या फाळाचा टवका होता, त्यावरून अंगठा फिरवला. अक्का आईकडं बघेना.

"कवापासनं व्हते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गणपतीपासून."

"उनात का सावलीत?"

"सावलीत. मोगऱ्याच्या बुडाशी."

"पानी?"

"रोज मिळायचं," आई म्हणाली. "दोन वेळा."

म्हातारा नखानं चुना खरवडत होता. निघेना. दादांनी त्यात डिंक आणि नीळ घातली होती. पुन्हा खरवडला, तरी निघेना. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"मंग आज्ञातवासाला गेलते म्हना की! आन् ऱ्हाईले बी कसे, राजावानी!" तो अक्काकडं वळला. "आगं, बगत काय उबारलीस? कडबा आन. आन् दूध चालू ठिव. पांडव ज्येच्या घरी ऱ्हाईले ते घर परकं कसं?"

मग काय! दादांनी स्वतः खोपीच्या पेंढ्या रचल्या, अर्थातच सरळ रेघेत, आणि म्हातारा त्यांची टर उडवत बसला. भज्जी मी इतकी खाल्ली की उठवेना. निघताना म्हाताऱ्यानं अक्काला ओटी भरायला सांगितली. "लेकीला रिकामी धाडायची न्हाई," म्हणाला. लेक म्हणजे कोण, हे आईला क्षणभर कळलंच नाही. कळल्यावर ओच्यातली ज्वारी सांभाळत ती म्हाताऱ्याच्या पाया पडली.

अक्कानं बिल्ला परत गळ्यात घातला. पुढच्या येळवशीच्या आदल्या दिवशी दादांना डिंक आणि नीळ घेऊन शेतात यायचा निरोप आला, आणि आम्ही तिथं होतो तोवर दर साली आला.

त्या पुढच्या येळवशीला सकाळी गेटावर तोच पठाण होता. आई हिरवं लुगडं नेसलेली, हातात काही नाही. त्याला सगळ्यांना विचारावं लागे तसं त्यानं विचारलं, "किधर, बाई?"

आईनं पदर सारखा केला. तिला पठाणाची दख्खनी हिंदी येत होती, तरी त्या दिवशी ती त्याला मराठीतच म्हणाली, "माहेरला जायलेय."