शकुनचे दात

शकुन गेल्याचं तिच्या मुलानं, गजाननानं, फोनवर सांगितलं. "मावशी, माय गेली." उंबरठ्याला साधी ठेच लागून मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून खाटेवरच होती. मी आर्णीहून निघाले आणि पांढरकवड्याच्या पुढच्या आमच्या गावी पोचले, तर ओसरीत दोघी बाया हळू आवाजात बोलत होत्या, "खर्रा लय खाये ना हे. दात पाह्यले नाई का?" मला शिसारी आली. शकुननं जन्मात कधी तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्याची पुडी हातात धरली नव्हती. माणूस मेलं तरी गावाची जीभ काही आटोपत नाही.

आम्ही दोघी एकाच वयाच्या, एकाच बोळीत वाढलेल्या. शाळेसमोरच्या हापशीला ओंजळ लावून पाणी प्यायचो. मी पहिलीत असताना माझ्या वडिलांची एसटीतली बदली आर्णीला झाली, आम्ही गेलो. शकुन राहिली. उन्हाळ्यात काकांकडे आले की तिचे नवे दात दिसायचे, आधी पिवळट, मग तपकिरी पट्ट्यांचे. "पोट्टी घासतच नाई," म्हणत तिची आई राखेनं हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासायची. पुढे पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिच्या तोंडावरच विचारलं, "पोरगी खर्रा खाते काय?" त्यानंतर शकुन पदर तोंडावर धरल्याशिवाय कधी हसली नाही... माझ्यासमोरसुद्धा नाही.

चाळिशीत पाठ आखडली. मान वळेना, हाक मारली की अख्खी वळायची. घरात तिला कामचुकार ठरवून झालं. शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरनं तिला तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?" हापशीच्या पाण्यात फ्लोराईड. आधी दातांत उतरलं, मग वर्षानुवर्षं हाडांत मुरत गेलं. आता बिघडलेलं दुरुस्त होणार नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. माझी पाठ या वयातही ताठ आहे ती काही पुण्याईनं नव्हे, बापाची बदली वेळेवर झाली म्हणून. कोणी "तब्येत छान राखली हो" म्हणालं की मला त्या कौतुकाचा वीट येतो.

आणि गावाला हे माहीत नाही असंही नाही. सरकारी माणसं पाणी तपासून, पिऊ नका म्हणून हापशीला लाल रंग मारून गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला चांगल्या पाण्याची विहीर आहे. पण विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि हापशीच्या पाण्यात लोण्यासारखी होते. झालं, लाल रंगाला कोण विचारतो? लग्न असो, बारसं असो, स्वयंपाकाला पाणी हापशीचंच. शेवटच्या भेटीत शकुननं माझा हात धरला होता. तिच्या नातीला नुकते दुधाचे दात येत होते. "मायं जे झालं ते झालं, कुमुद. या पोरीले तेवढं ते पानी नोको पाजू देऊ. सुनेले रोज सांगतो, पन मायं कोन आयकते..." मी हो म्हटलं.

तेरवीला पंगत बसली. वरणाची तारीफ चालली होती, काय मऊ झालं, काय मऊ झालं. मी हातातला घास पानात ठेवला. सुनेला विचारलं तर ती सहज म्हणाली, "हापशीचंच पानी हाय मावशी. एवढ्या लोकाईची डाळ विहिरीच्या पान्यात कवा शिजन?" आणि बोलता बोलताच ती मांडीवरच्या पोरीला तेच वरण भातात कालवून भरवत होती.

मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि अंगणात उपडी केली. पोरगी रडायला लागली. गजाननानं मान खाली घातली. पंगतीतला एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, मेलेल्या मानसाच्या नावाचं अन्न हाय. असं फेकू नाई."

सुनेनं दुसरी वाटी भरली.