चिखलात शेजारी, सतरंजीवर लांब

रोवण्याच्या दिवसांत भाताच्या बांधीत वाकलेल्या कुठल्याच बाईचं लुगडं कोरडं नसतं. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, हातात धानाच्या रोपांची जुडी. त्यामुळे ते दिवस मी निर्धास्त असायची. धाकटी जाऊ माझ्या शेजारी रोवायची आणि तिच्या तोंडाला विसावा नसायचा. बांधावर छत्री धरून हुकूम सोडणाऱ्या माझ्या नवऱ्याची ती अशी नक्कल करायची की मला हसू आवरत नसे. हसताना लघवीचे चार थेंब गेले, तरी चिखल कुणाला सांगायला जात नव्हता.

धोका कोरड्या जागी होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं. शिंकलं, खोकलं, घागर उचलली, एसटी खड्ड्यात आदळली, की लघवी सुटायची. हसण्याचं तर विचारूच नका. म्हणून लग्नघरी मी गडद साडी नेसून दाराजवळ बसायची, जावेपासून होईल तितकी लांब. कधी तिच्या तावडीत सापडलेच, तर तिची गोष्ट अर्धी असतानाच उठून पळायची.

दिवाळीनंतर नणंदेच्या मुलीच्या हळदीला तिने मला चुलीपाशी गाठलं.

"बाई, चिखलात मी तुमची, अन् सतरंजीवर परायी?"

"काम हाये ना मले."

"तुमाले कामच रायते. येत्या रोवण्याले मी दुसऱ्या बायांसंगं जातो. करत बसा तुमचं काम."

ती थट्टा करत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून आम्ही शेजारीच रोवत आलो होतो. नुसती कंबर दुखवून घ्यायला बांधीत कोण उतरतं? मी भंडाऱ्याला दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासताना खोकायला लावलं. व्हायचं ते झालं. "छान," त्या म्हणाल्या. या गोष्टीला छान म्हणणारी मला भेटलेली ती पहिलीच बाई. आधी त्यांनी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले. काही महिने तांदूळ निवडता निवडता मी ते केले. फरक पडला, पण जाऊ हसवेल इतक्या हसण्यापुरता नाही. मग त्यांनी ऑपरेशन सांगितलं. योनीमार्गातून लहानसा छेद देऊन लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी घालायची, झोळीसारखी. खोकताना, हसताना नळीला तिचा आधार मिळतो. कुणाला नंतर लघवी अडते, कुणाला पट्टीचाच त्रास होतो, हेही सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि हो म्हटलं.

"वय झालं की होते असं," नवरा म्हणाला.

"वय तं तुमचंई झालं. तुमी खोकलता तवा काही सांडत नाही."

तो गाडी काढायला गेला.

ऑपरेशन लवकर उरकलं. मात्र लघवी नीट होते की नाही हे पाहिल्याशिवाय घरी सोडेनात. वर्षानुवर्षं न बोलावता येणारी ती बया नेमकी त्या दिवशी रुसली. संध्याकाळी आली एकदाची.

गावात, सिहोऱ्यात, नवऱ्याने मला पथरी म्हणजे मुतखडा झाल्याचं सांगून ठेवलं होतं. पथरी म्हटलं की कुळीथ. जो तो कुळथाचं पाणी घेऊन भेटायला, म्हणजे ज्याने लघवी वाढते तेच. जाऊही आली, डबा हातात, तोंड फुगलेलं. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं.

तिने डबा खाली आदळला.

"मंग सांगाचं नाही का वो बाई? मले वाटे, माह्या तोंडाचा वास येते तुमाले. तुमच्यापायी तंबाखूचा खर्रा सोडला मी!"

"बरं झालं. आता हसवू नोको, टाके हायेत."

डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे वाकायला आणि वजन उचलायला मनाई केली होती. जावेने त्या मनाईत आपल्या गोष्टीही घातल्या आणि मला भेटायला येऊन गंभीर चेहऱ्याने बसू लागली. ते जास्त जड गेलं.

पावसाळ्यात परवानगी मिळाली. घरी मी खोकून, शिंकून कोरडीच होते. पण जावेची गोष्ट म्हणजे शिंक नव्हे. रोवण्याला ती माझ्याच शेजारी उतरली आणि तिने सारी कसर भरून काढली. दुपारी बांधावर चढून आम्ही माझ्या लुगड्याकडे पाहिलं. कमरेपर्यंत चिखल. कशाने भिजलं, कोण सांगणार? दोघींनी मिळून परीक्षेला जागा निवडली, तीही अशी.

निकाल लागला शेजारच्या बारशाला. फिकट पिवळी साडी नेसून मी सतरंजीच्या मधोमध तिला चिकटून बसले. माझ्या पळण्यामुळे कायम अर्धी राहिलेली गोष्ट तिने काढली. माझा नवरा नवा जावई म्हणून माझ्या माहेरी आला आणि सासरा समजून आचाऱ्याच्या पाया पडला.

"आचारी म्हने, सुखी राहा बापू, पन कढईपासून दूर सरका!"

डोळ्यांतून पाणी आलं. बाकी कुठूनही नाही.

"कोरडं?" तिने कानात विचारलं.

"कोरडं."

ती विचारात पडली. "हे तं फसलं. आंधी तुमी पळत सुटल्या, का समजे गोष्ट जमली! आता जमली का नाही, मले कसं समजन?"

"दुसरी सांग," मी म्हटलं.